आज थापट्या नाही : सोलापूरच्या तळ्यांवरून स्थलांतरित पक्ष्यांचे आकडे कसे गोळा करायचे, कसे वाचायचे

दसरा सरला की सोलापुरातल्या पक्षीमित्रांचे फोन वाजायला लागतात. "हिप्परगा तलावावर काय आलंय?" हा पहिला प्रश्न. मग कुणी थापट्या बदक सांगतं, कुणी तलवार बदक, आणि कुणाला पट्टकादंब हंस दिसला असेल तर रविवारची पहाट ठरलेलीच. या उत्साहातूनच मी पक्षी बघायला शिकलो. पण पक्षी बघणं आणि त्यांचा अभ्यास करणं यात अंतर आहे, आणि ते अंतर संगणकाने कापलं जात नाही. ते वहीत कापलं जातं. म्हणून संगणक येत असो वा नसो, या कामात नव्याने उतरणाऱ्याने वहीपासूनच सुरुवात करावी.

माझ्याकडे चार हिवाळ्यांच्या वह्या होत्या. हिप्परगा, होटगी, कंबर तलाव, अधूनमधून नान्नजचा माळ. एकदा बसलो सगळं गूगल शीटमध्ये भरायला. प्रश्न साधा होता: हिप्परग्यावरचा थापट्या कमी झाला का? दोन रात्री टंकून झाल्यावर कळलं की उत्तर निघणारच नाही. कारण ज्या दिवशी पट्टकादंब दिसले त्या दिवशी मी फक्त पट्टकादंब लिहिले होते. थापट्या होते की नव्हते, कुणास ठाऊक. वारकरी हे काळे पाणपक्षी तर चार वर्षांत दोनदाच लिहिलेले, आणि तळ्यावर ते रोज शेकड्यांनी असतात. दुसऱ्या वर्षी नोंदी जास्त होत्या, कारण त्या वर्षी मी जास्त वेळा गेलो होतो. म्हणजे माझ्या वहीत पक्ष्यांचं वागणं कमी आणि माझंच वागणं जास्त उमटलं होतं. चार हिवाळे परत येत नाहीत. तुमचे जाऊ नयेत म्हणून हे लिहितो आहे.

आधी प्रश्न, मग दुर्बीण

"मला स्थलांतराचा अभ्यास करायचाय" हा प्रश्न नव्हे. "हिप्परग्यावर थापट्या कोणत्या आठवड्यात येतात आणि कोणत्या आठवड्यात जातात?" हा प्रश्न आहे. "उजनी धरणाचं पाणी उतरलं की रोहित पक्षी (फ्लेमिंगो) लवकर येतात का?" हाही प्रश्न आहे, आणि आपल्या जिल्ह्यातला सर्वांत सुंदर प्रश्न माझ्या मते हाच. एक जागा, एक-दोन पक्षी, एक हंगाम. पहिल्या वर्षी याहून जास्त हात पसरू नका.

जागा घराजवळची निवडा. उजनीचा फुगवटा फार मोठा आहे. करमाळा तालुक्यात केत्तूर, कोंढार चिंचोलीच्या बाजूला रोहितांचे थवे बघून डोळ्यांचं पारणं फिटतं, पण शहरातून दर आठवड्याला तिकडे जाणं जमत नाही. सिद्धेश्वर तलावावर मात्र शाळेत जाता जाता अर्धा तास थांबता येतं. वर्षातून दोनदा पाहिलेल्या भारी जागेपेक्षा दर आठवड्याला पाहिलेलं साधं तळं अभ्यासाला जास्त उपयोगी पडतं.

"नाही" लिहायला शिका

हा टप्पा नीट समजून घ्या, बाकी सगळं यावर उभं आहे.

तळ्यावर पोचलात की चार गोष्टी टिपा: किती वाजता सुरू केलं, किती वेळ पाहिलं, किती चाललात, सोबत कितीजण होते. मग ओळखता आलेला प्रत्येक पक्षी लिहा. कावळा, साळुंकी, वारकरी, शेकाट्या, सगळे. आवडीचे निवडून नाही. अशा नोंदीला पूर्ण यादी म्हणतात. पूर्ण यादीत थापट्याचं नाव नसेल तर त्याचा अर्थ होतो, "एक तास नीट पाहिलं आणि थापट्या दिसला नाही." अपूर्ण यादीत नाव नसेल तर त्याचा काहीच अर्थ होत नाही. संख्याशास्त्राला हे शून्य हवं असतं. दिसलेल्या पक्ष्यांइतकंच न दिसलेल्या पक्ष्यांचं मोल आहे, आणि आपल्या वह्यांतून नेमकं तेच गायब असतं.

माझ्या वहीतली आताची एक नोंद अशी दिसते: हिप्परगा, बंधाऱ्याची बाजू, सकाळी 7.10 ते 8.10, चाल 1 किलोमीटर, दोघे. वारकरी 240 (अंदाज), हळदी-कुंकू बदक 16, शेकाट्या 31, चित्रबलाक 4, भुवई बदक 22, पिवळा धोबी 7, थापट्या नाही. शेरा: पलीकडच्या काठाला जाळी टाकणं सुरू, बदकं मध्यभागी.

तो शेरा टाळू नका. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वर तलावाशेजारी गड्डा यात्रेची गर्दी असते, लाऊडस्पीकर असतात. त्या आठवड्यात बदकं कमी दिसली तर कारण सायबेरियात शोधत बसू नये. पाच वर्षांनी ती यादी कुणी उघडली तर त्याला हे कळायचं कसं?

थवा मोजताना आधी दहा पक्षी एक-एक करून मोजा. त्या दहांनी दुर्बिणीत किती जागा व्यापली ते डोळ्यात धरा आणि तेवढेच तुकडे थव्यावर पाडत जा. मोठा थवा असेल तर शंभराचे तुकडे. दोघांनी एकमेकांना न सांगता मोजावं आणि मग आकडे ताडून बघावेत. सुरुवातीला फरक मोठा येतो, दोन महिन्यांत कमी होतो. आकडा सुचतच नसेल तर ई-बर्ड या ऑनलाइन नोंदवहीत नुसता "एक्स" टाकता येतो, म्हणजे होता पण मोजला नाही. तरी अंदाजाचा आकडा त्याहून बरा. शंभर आणि हजार यांतला फरक कुणालाही कळतो.

ई-बर्ड म्हणजे अमेरिकेतल्या कॉर्नेल पक्षीशास्त्र प्रयोगशाळेने 2002 मध्ये सुरू केलेली नोंदवही. मोबाइलवर फुकट आहे, वेळ आणि चाल ती आपोआप मोजते, आणि शेवटी विचारते की ही पूर्ण यादी आहे का. तिथे खोटं "हो" म्हणू नका, एवढंच.

या यादीचं पुढे काय होतं? "स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स" हा 2023 चा अहवाल 30,000 हून अधिक पक्षीनिरीक्षकांच्या 3 कोटींहून अधिक नोंदींवर उभा आहे. त्यात 942 जातींचा आढावा घेतला आणि 178 जातींना संवर्धनाची तातडीची गरज असल्याचं ठरलं. सर्वांत जास्त घट झालेल्या गटांत शिकारी पक्षी, स्थलांतर करणारे काठावरचे पक्षी आणि बदकं आहेत. हिप्परग्यावर हिवाळ्यात येणारी मंडळी हीच. सकाळच्या एका तासाची यादी तिथपर्यंत जाते. हे मला दर वेळी अंगावर काटा आणणारं वाटतं.

गोळा केलेलं स्वच्छ करणं

स्वतःच्या याद्या ई-बर्डवरून एका फाईलमध्ये उतरवता येतात. इतरांच्याही हव्या असतील तर कशासाठी हव्यात हे सांगून मागणी नोंदवावी लागते. जिल्हा आणि पक्षी निवडले की फाईल आटोपशीर मिळते. जीबीआयएफ या आंतरराष्ट्रीय संग्रहातूनही नोंदी मिळतात. पहिल्या वर्षी गूगल शीट पुरेशी आहे. आर किंवा पायथन या संगणकभाषा शिकायचा उत्साह असेल तर जरूर शिका (आरमध्ये ई-बर्डच्या फाईलसाठी "ऑक" नावाचं तयार पॅकेज आहे), पण शीटमध्ये ज्याला गोंधळ दिसत नाही, त्याला पायथनमध्येही दिसत नाही.

काही गोंधळ ठरलेले आहेत. तारखेचा पहिला. आपण 5/11 लिहितो ते पाच नोव्हेंबर म्हणून. शीट अमेरिकी पद्धतीवर असेल तर ती 11 मे वाचते. माझ्या पहिल्या आलेखात सोलापुरात मे महिन्यात पट्टकादंब उगवले होते, 42 अंशांच्या उन्हात. महिन्याच्या तेरा तारखेपासून पुढच्या तारखा मात्र अशा उलटत नाहीत, म्हणून चूक पटकन लक्षात येत नाही. उपाय म्हणजे वर्ष, महिना, दिवस असे तीन वेगळे रकाने ठेवायचे.

दुसरा गोंधळ अक्षांश-रेखांशाचा. हिप्परगा साधारण 17.7 उत्तर, 75.9 पूर्व. रकाने अदलाबदल झाले की तळं स्वालबार्डच्या दक्षिणेला आर्क्टिक समुद्रात जाऊन पडतं. कुठलंही गणित करण्याआधी सगळे बिंदू नकाशावर टाकून एकदा बघाच.

तिसरा दुबार नोंदींचा. चौघे मिळून गेले, चौघांनी एकच यादी आपापल्या खात्यावर घेतली, तर 240 वारकऱ्यांचे 960 होतात. फाईलमध्ये गटयादीचा क्रमांक असतो. त्या क्रमांकाची एकच ओळ ठेवा.

मग चाळणी लावा. पूर्ण याद्याच घ्या. सहा तासांपेक्षा लांबलेल्या, दहा किलोमीटरपेक्षा जास्त चाललेल्या, दहापेक्षा जास्त माणसांच्या याद्या बाजूला काढा. ई-बर्डच्या नोंदींवर काम करणारे अभ्यासक साधारण हीच चाळणी वापरतात.

टक्केवारी, बेरीज नव्हे

जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते, 1987 पासून दर वर्षी. त्या पंधरवड्यात सगळेच तळ्यावर येतात. फेब्रुवारीत ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट ही आणखी एक गणना, पुन्हा गर्दी. नोंदींची बेरीज केलीत तर याच दोन महिन्यांत पक्षी उसळलेले दिसतील. प्रत्यक्षात माणसं उसळलेली असतात.

म्हणून आठवड्याची टक्केवारी काढा. समजा, एका आठवड्यात हिप्परग्याच्या 20 पूर्ण याद्या आहेत आणि त्यांतल्या 14 मध्ये थापट्या आहे. मग वारंवारता 70 टक्के. पुढच्या आठवड्यात 5 च याद्या आणि 4 मध्ये थापट्या, म्हणजे 80 टक्के. बेरजेने पक्षी घटला असता. टक्केवारी तसं म्हणत नाही. पण पाच याद्यांवरचा 80 हा आकडा डळमळीत आहे हेही ध्यानात ठेवा. प्रत्येक टक्क्याशेजारी याद्यांची संख्या लिहा. ज्या आलेखावर ती नसते, त्यावर मी विश्वास ठेवत नाही.

आडव्या अक्षावर आठवडे, उभ्यावर टक्के. ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंतची ही रेघ एकदा काढून बघा. एक जात हळूहळू चढते, दुसरी एकदम उभी राहते, तिसरी दोन आठवडे दिसून नाहीशी होते. ती तिसरी आपल्याकडे मुक्कामाला येत नाही, फक्त वाटेत थांबते. हे मला पुस्तकातून कळलं नव्हतं, रेघेतून कळलं.

उजनी मायनसमध्ये गेली की

आता रोहितांचा प्रश्न. रोहित पक्षी उथळ पाण्यातला चिखल चोचीने गाळून खातो. पाणी खोल असेल तर त्याला जेवण नाही. त्यामुळे ज्या वर्षी पाऊस भरपूर आणि धरण उशिरापर्यंत तुडुंब, त्या वर्षी थवे उशिरा येतात असं काठावरचे मच्छीमार सांगतात. हे आकड्यांनी तपासता येतं, कारण उजनीची पातळी रोज वर्तमानपत्रात छापून येते.

इथे एक सापळा आहे, आणि तो फक्त सोलापूरकरालाच कळेल. उजनीची एकूण क्षमता सुमारे 117 टीएमसी. त्यातले जवळपास 63.66 टीएमसी मृतसाठा आणि 53.57 टीएमसी उपयुक्त साठा. छापली जाणारी टक्केवारी उपयुक्त साठ्याची असते. मृतसाठ्यातलं पाणी उचललं की आपण म्हणतो, "उजनी मायनसमध्ये गेली." 2024 च्या उन्हाळ्यात ती उणे 50 च्याही खाली होती. आमच्यासोबत काम करणाऱ्या एका विद्यार्थ्याने, टक्के शून्याच्या खाली असूच शकत नाहीत असं समजून, उणे आकड्यांच्या सगळ्या ओळी पुसल्या. म्हणजे पाणी सर्वांत खाली गेलेले, रोहितांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे दिवसच गेले. तसंच 100 च्या वरचे आकडेही खरे असतात. टक्क्यांऐवजी टीएमसीत हिशेब ठेवा: उणे 50 टक्के म्हणजे धरणात अजून 37 टीएमसीच्या आसपास पाणी आहे.

पातळी कळली तरी चिखल किती उघडा पडला हे कळत नाही. त्यासाठी उपग्रहाची चित्रं. युरोपचे सेंटिनेल-2 उपग्रह दर पाच दिवसांनी आपल्यावरून जातात आणि युरोपच्याच कोपर्निकस उपक्रमाच्या संकेतस्थळावर 2015 पासूनची चित्रं फुकट मिळतात. पाणी हिरवा प्रकाश परतवतं आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश गिळतं. झाडं आणि माती तो परतवतात. हिरव्यातून अवरक्त वजा करायचा आणि दोन्हींच्या बेरजेने भागायचं. उत्तर धन आलं तर बहुधा पाणी. चित्रातला एक चौकोन 10 मीटर बाय 10 मीटर असतो, म्हणून पाण्याचे शंभर चौकोन म्हणजे एक हेक्टर. क्यूजीआयएस या नकाशाच्या फुकट प्रणालीत हे मोजता येतं. डिसेंबरात पाणी असलेले आणि फेब्रुवारीत पाणी नसलेले चौकोन वेगळे काढले की नव्याने उघडी पडलेली कड मिळते. रोहित तिच्याच आसपास सापडतात का, ते तुमच्या याद्यांवरून ताडा.

जलपर्णी माजलेल्या तळ्यावर हे गणित फसतं, कारण उपग्रहाला जलपर्णी म्हणजे हिरवं रान दिसतं. तिथे पायी जाऊन बघण्याला पर्याय नाही.

दूरचा प्रवास

आपल्या तळ्यापलीकडे पक्षी कुठे जातो, हे याद्या सांगत नाहीत. त्यासाठी कडी आणि ट्रान्समीटर. मुंबईची बीएनएचएस, म्हणजे 1883 ची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, कित्येक दशकं पक्ष्यांच्या पायांत कडी घालते आहे. कडीवाला किंवा गळ्यात अक्षरांचा पट्टा असलेला पक्षी दिसला तर रंग, अक्षरं, कोणता पाय, हे टिपून फोटोसह त्यांना कळवा. स्वतः पक्षी पकडायचा विचारही नको. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला परवानगी लागते, आणि ट्रान्समीटर पक्ष्याच्या वजनाच्या तीन ते पाच टक्क्यांहून जड नसावा असा दंडक पाळला जातो.

मूव्हबँक नावाच्या संग्रहात अशा प्रवासांचे मार्ग पाहायला मिळतात. पट्टकादंबाचं उदाहरण घ्या. मंगोलिया-तिबेटकडून हिमालय ओलांडून येणाऱ्या या हंसाची 7,290 मीटर उंचीची नोंद आहे. पण 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शरीरात बसवलेल्या यंत्रांनी हृदयाचे ठोकेही मोजले होते, आणि दिसलं की हंस उंचावरून सरळ रेषेत जात नाही. डोंगराच्या चढ-उताराला बिलगून वर-खाली होत जातो. विरळ हवेत टिकून राहण्यापेक्षा खाली उतरून पुन्हा चढणं त्याला कमी कष्टाचं पडतं. होटगीच्या काठावर गवत खुडणारा हंस पाहताना हे माहीत असलं की त्याच्याकडे बघण्याची नजरच बदलते.

माळाकडे दुर्लक्ष नको

सगळे तळ्याकडे धावतात. सोलापूरचा खरा ठेवा माळरान आहे असं मला वाटतं. नान्नजचं माळढोक अभयारण्य 1979 चं. माळढोक आता क्वचितच दिसतो, पण हिवाळ्यात दूर उत्तरेकडून येणारे भोवत्या हे शिकारी पक्षी याच गवतात, जमिनीवर रात्र काढतात आणि दिवसभर टोळ-नाकतोडे टिपतात. सूर्य मावळायच्या अर्धा तास आधी रस्त्यावर एका जागी उभं राहून उतरणारे भोवत्ये मोजायचे, अंधार पडला की निघायचं. गवतात शिरायचं नाही, बॅटरी मारायची नाही, ड्रोन तर नाहीच. मोजणी अभयारण्याच्या हद्दीत करायची तर आधी वनविभागाला विचारायचं.

भोरड्या या पक्ष्यांसाठी शेतकऱ्याला विचारा. ज्वारीला दाणा भरला की गोफण घेऊन माळ्यावर उभा राहणारा माणूस त्यांची तारीख तुमच्या-माझ्याआधी सांगतो. "काका, औंदा भोरड्या कवा उतरल्या?" असं विचारून गावाचं नाव, तारीख आणि "ऐकीव" असा शिक्का मारून वेगळ्या रकान्यात ठेवा. पूर्ण यादीत ते मिसळू नका, पण टाकूनही देऊ नका.

कागद कुणाच्या टेबलावर ठेवायचा

तळ्यातला गाळ कधी काढायचा, जलपर्णी कोणत्या महिन्यात उचलायची, नौकाविहार कुठल्या कोपऱ्यात नको, माळावर रोपं लावायची की गवत राहू द्यायचं, विजेच्या तारांवर पक्ष्यांना दिसतील असे परावर्तक कोणत्या टप्प्यावर आधी लावायचे: हे निर्णय महापालिका, ग्रामपंचायत, वनविभाग, वीज कंपनी यांच्या टेबलांवर होतात. तिथे चाळीस पानांचा अहवाल कुणी वाचत नाही. एक पान न्या. वर एक वाक्य, खाली एक आलेख, त्याखाली किती याद्या, किती हिवाळे, कोणी मोजलं. "फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत या कोपऱ्यात बदकं असतात, काम मार्चनंतर करावं" अशी मागणी नेमकी हवी. माळासाठी असं पान फार गरजेचं आहे, कारण गवताळ जमीन कागदावर पडीक ठरते आणि वृक्षारोपणाच्या यादीत जाते. तिथे झाड लावणं म्हणजे भोवत्याचं घर मोडणं, हे समोरच्या अधिकाऱ्याला आजवर कुणी आकड्यांत दाखवलेलं नसतं. त्याचा दोष नसतो.

घरट्याचं ठिकाण आणि दुर्मिळ पक्ष्याची नेमकी जागा त्या पानावर, समाजमाध्यमांवर, कुठेच टाकायची नाही. ती वनविभागाला तोंडी सांगा.

साहित्य फार लागत नाही. 8 बाय 42 ची दुर्बीण, वही, पेन्सिल (दवात पेनाची शाई पसरते), टोपी, पाणी. येत्या रविवारी सातच्या आत तळ्यावर पोचा, घड्याळ बघून तास धरा, आणि शेवटच्या ओळीत जे दिसलं नाही त्याचं नाव लिहा.